अण्णांची कंबर आणि माझी अलॉय चाकं

आधी एक काम करा, कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या शिफ्टमधल्या एकाला ठसका लागला आणि अर्धा चहा माझ्या शर्टावर आला. आणि हसायचंच असेल ना, तर शेवटी एकदाच काय ते हसून घ्या. मध्ये मध्ये हसलात की मला माझीच कीव येते आणि मग मी महत्त्वाचं गाळून टाकतो.

तर मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. माझं काम काय? गोल वस्तू मधोमध फिरते की नाही हे बघणं. शाफ्ट असो, पुली असो, ती फिरवायची, वर डायल टेकवायचा आणि त्याच्या काट्याकडे डोळे लावून बसायचं. काटा जरा जास्त हलला की त्या पार्टला लाल टॅग, रिजेक्ट. हेच करून करून आता घरी पोळी एका बाजूला कललेली असली तरी मला दिसते. दिसते, पण मी बोलत नाही. एकदा बोललो होतो.

आमचे सासरे, म्हणजे मनीषाचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. देहूतलं जुनं घर, जन्म तिथलाच. सिटी बसमध्ये कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. लग्नाच्या बोलणीच्या वेळी त्यांनी मला विचारलं होतं की तुम्ही कंपनीत काय बनवता. मी अभिमानाने सांगितलं की मी काही बनवत नाही, दुसऱ्यांनी बनवलेलं तपासतो.

अण्णांचा चेहरा पडला. "म्हंजी चेकर," ते म्हणाले.

आता मला सांगा, कंडक्टरच्या घरी मुलगी मागायला जाऊन असं उत्तर कोण देतं? अहो, कंडक्टरच्या जगात चेकरपेक्षा वाईट प्राणी नाही. तो कुठल्याही स्टॉपवर अचानक चढणार, तिकिटं मोजणार, एखादा फुकट्या सापडला की कंडक्टरला मेमो देणार. मनीषा हटून बसली म्हणून आमचं लग्न झालं, नाहीतर मी त्याच स्टॉपवर उतरलो असतो. पण तेव्हापासून अण्णा मला जपून लांब ठेवत. त्यांच्या कट्ट्यावर माझी ओळख करून द्यायची वेळ आली की "ह्ये थोरलीचे मालक" एवढंच. माझं नाव नाही, हुद्दा नाही.

त्यातच माझ्या साडूने, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, मोठी उंचपुरी गाडी घेतली. अण्णा तिच्यातून आळंदीला जाऊन आले आणि कट्ट्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "गाडी हाय." दोन शब्द फक्त. पण अण्णांच्या तोंडून दोन शब्द म्हणजे शाल-श्रीफळच हो. मला दोन रात्री झोप लागली नाही. माझी आपली छोटी, जुनी गाडी. नवी घेणं शक्य नव्हतं. मग मी विचार केला, गाडी बदलता येत नसेल तर निदान चाकं तरी बदलू.

दापोडीला शब्बीरभाईंचं टायर आणि अलॉय व्हीलचं दुकान आहे. तिथून चार चकाचक चाकं घेतली. काळ्या रंगाची, मध्ये चांदीसारखी रेघ. शब्बीरभाई म्हणाले, इथेच बसवून देतो, एका चहाचा तर वेळ लागेल. मी म्हटलं, नको, मी क्वालिटीला आहे, माझ्या गाडीचं काम मी दुसऱ्याला करू देत नाही. त्यावर त्यांनी एक छोटी थैली माझ्या हातात ठेवली. "साहब, ये संभालना," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

रविवारी सकाळी पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये, मी जॅक लावला. रविवारी सकाळी कोणी गाडीखाली डोकं घातलं की आपल्याकडे माणसं जमतातच. तीही रिकामी येत नाहीत, सल्ले घेऊन येतात. मी चाकं काढली, चाक ज्यावर बसतं ते हब कपड्याने पुसून काढले आणि ती थैली उघडली. आत चार प्लास्टिकच्या रिंगा होत्या.

इथेच माझ्या अनुभवाने माझा घात केला. आमच्या कंपनीत जो पार्ट येतो तो अंगावर प्लास्टिक घालूनच येतो. कुणाला टोपी, कुणाला रिंग. ट्रकमध्ये एकमेकांवर आपटून ओरखडे पडू नयेत म्हणून. जोडणीच्या आधी ते सगळं काढून फेकायचं, हा आमचा पहिला नियम. एखादी रिंग चुकून राहिली तर अख्खी लाइन थांबते आणि तिथे जाऊन सगळ्यात मोठ्याने ओरडणारा माणूस मी असतो.

मी रिंग दोन बोटांत धरली आणि जमलेल्या मंडळींना लेक्चर दिलं. म्हटलं, याला म्हणतात ट्रान्झिट प्रोटेक्शन. हे नुसतं पॅकिंग आहे. ज्यांना कळत नाही ते लोक हे तसंच आत बसवतात आणि मग गाडीच्या नावाने रडतात. दुसऱ्या मजल्यावरचे कांबळेकाका जवळ आले, माझ्या हातातली रिंग घेतली आणि सहज हबवर ठेवून पाहिली. ती टक्क करून बसली. ते म्हणाले, ही तर इथे बरोब्बर बसतेय की.

मी म्हणालो, "योगायोग."

चारही रिंगा मी सुक्या कचऱ्यात टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडी त्या घेऊन गेली. चाकं लावली, जॅक खाली सोडला आणि गाडी जमिनीवर टेकल्यावर मोठा जोर लावून नट आवळले. लांबून बघितलं तर काय गाडी दिसत होती राव! मी फोटो काढून मेव्हणीला पाठवला, म्हणजे साडूने बघावा म्हणून.

पुढचे काही दिवस मी रोज कंपनीत जात होतो आणि गाडी उत्तम चालत होती. का चालत होती? कारण चाकणच्या रस्त्यावर कंटेनरच्या मागे लागून गाडी पळते किती? त्या रस्त्यावर कुणाच्याही गाडीत दोष निघत नाही. सगळ्या जागच्या जागी उभ्या असतात.

मग आला पुढचा रविवार. अण्णांना देहूहून आमच्या घरी जेवायला आणायचं होतं. अण्णांची कंबर रिटायर झाल्यापासून धरली होती. पट्टा झाला, तेल झालं, शेक झाला, राजगुरुनगरच्या कुणा मालिशवाल्याकडे जाऊन आले, गुण म्हणून नाही. घरातून बाहेर आले तेही दाराला धरून. नव्या चाकांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि "आई गं" म्हणत पुढच्या सीटवर बसले.

हायवेला लागलो. रस्ता मोकळा होता, म्हटलं अण्णांना जरा दाखवू. साठपर्यंत सगळं छान. सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. अजून थोडी वाढवली आणि मग अख्खी गाडीच हादरायला लागली. माझा चष्मा नाकावरून घसरून ओठावर आला. मनीषा मागून म्हणाली, "अहोहोहो, हेहे काकाय होहोतंय?" मी उत्तर दिलं, पण माझंही तसंच निघालं.

मी घाबरत घाबरत अण्णांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मला वाटलं नामस्मरण चालू केलं. मी पटकन पाय काढला, गाडी साठवर आली आणि शांत झाली. अण्णांनी डोळे उघडले.

"हळू का केली?" ते म्हणाले. "घ्या तशीच."

तशीच म्हणजे तशीच, घर येईपर्यंत. पार्किंगमध्ये गाडी थांबली आणि अण्णा दार न धरता उतरले. सरळ उभे राहिले. मग खाली वाकले, गुडघ्यांना हात लावला, परत सरळ झाले. मनीषाचं तोंड उघडंच राहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला जावईबापू म्हणाले.

"जावईबापू, कंबर मोकळी झाली. आवो, सारी हयात मी बसमधी उभा ऱ्हायलो. कंबरंला हादऱ्याची सवय. रिटायर झाल्यापासनं ती घरात नुसती पडून हाय, तिला करमत न्हवतं. तुमी ह्ये मुद्दाम बसवून घेतलंय व्हय?"

आता इथे खरं सांगून मोकळं व्हायला काय हरकत होती? शब्द जिभेवर आले होते. पण जावईबापू हा शब्द कानात घुमत होता. साडूला मिळाले दोन शब्द, मला मिळाला एक, पण केवढा मोठा!

"हो अण्णा," मी म्हणालो. "खास तुमच्यासाठी."

मनीषाने माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

तिथून जे सुरू झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. अण्णांनी कट्ट्यावर सांगितलं आणि त्यांचा कट्टा म्हणजे सगळे रिटायर कंडक्टर आणि ड्रायव्हर. सगळ्यांच्या कंबरा तशाच. पुढच्या रविवारी मी अण्णांना न्यायला गेलो तर दारात रांग. अण्णा पुढे बसायचे, मागे तिघे, आणि बाकीचे पुढच्या फेरीसाठी पारावर थांबायचे. हायवेला लागलो की अण्णा वरच्या पत्र्यावर आतून बोटाने दोनदा ठोकायचे, टक टक, डबल बेल. मग मी वेग वाढवायचा. गाडी हादरायला लागली की मागून समाधानाचे आवाज यायचे. शिंदे ड्रायव्हर म्हणून एक होते, ते म्हणायचे, डाव्या बाजूला जास्त लागतंय, पुढच्या वेळी मला डावीकडे द्या. अण्णा त्यांना सांगायचे, आधी मागं सरका, वाट द्या.

साडू एकदा आपली मोठी गाडी घेऊन आला होता. अण्णांनी तिच्यात बसायला नकार दिला. म्हणाले, लई गुळगुळीत हाय, अंगाला लागत न्हाई. खरं सांगतो, त्या दिवशी मी जेवताना एक पोळी जास्त खाल्ली आणि ती गोल आहे की नाही हेही बघितलं नाही.

पण मनात धाकधूक होतीच. शेवटी मी क्वालिटीचा माणूस, गाडी हादरते म्हणजे काहीतरी चुकलंय एवढं मला कळत होतं. अण्णांना न सांगता दोन ठिकाणी व्हील बॅलन्सिंग करून आलो. चाक काढून मशिनवर चढवलं की मशीन म्हणायचं, बरोबर आहे. परत गाडीला लावलं की हादरायचं. अलाइनमेंट केलं, तेही बरोबर. मी इंजिनवर संशय घेतला, टायरवर घेतला, रस्ता बांधणाऱ्यांवर घेतला. फक्त एका माणसावर संशय घ्यायचा राहिला होता.

एका रविवारी सगळ्या कंबरा घरोघरी सोडून परत आलो, तर पुढच्या चाकातून टक टक आवाज यायला लागला. ही अण्णांची बेल नव्हती, अण्णा तर उतरले होते. मी सोसायटीत आलो, खाली बसलो आणि नटाला हात लावला. पाना नाही हो, नुसता हात लावला. नट फिरला!

मला घाम फुटला. गाडीत चार म्हातारी माणसं, हायवे, आणि नट असा बोटाने फिरतोय. चाक काढलं आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. हबच्या मध्ये एक गोल उंचवटा असतो. गाडीच्या मूळ चाकाचं भोक त्या उंचवट्यावर घट्ट बसतं, म्हणून चाक मधोमध राहतं. बाजारातली चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात. माझ्या चाकाचं भोक एवढं मोठं होतं की त्या फटीत माझी करंगळी आरामात गेली. ती फट भरायला काय लागतं?

रिंग.

तीच, लेक्चर देऊन फेकलेली. रिंग नाही म्हणून चाक नुसतं नटांवर लोंबकळत होतं, जिकडे सरकलं तिकडे. मी तिथे फरशीवर बसून राहिलो. हाच पार्ट कंपनीत माझ्या टेबलावर आला असता तर मी त्याला लाल टॅग लावला असता आणि बनवणाऱ्याला असं मेल लिहिलं असतं की त्याने नोकरी सोडली असती. सगळी हयात मधोमधपणा तपासण्यात गेली आणि स्वतःच्या गाडीची चारही चाकं बाजूला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून हळूहळू दापोडीला गेलो. शब्बीरभाईंनी विचारलं, पहिल्या रिंगा कुठे गेल्या. मी म्हटलं, घंटागाडीत. मग का टाकल्या ते विचारलं, तर मी लेक्चरसकट सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून मला सगळं पहिल्यापासून परत सांगायला लावलं. मग चहा पाजला आणि नव्या रिंगा घालून चाकं बसवून दिली. मी यावेळी लांब उभा राहिलो, कशालाही हात लावला नाही.

गाडी अशी चालायला लागली की विचारू नका. ऐंशीला पाणी हलत नव्हतं. इतकी सुंदर गाडी चालवताना मला रडू येत होतं, कारण आता अण्णांना काय सांगणार? मनीषा म्हणाली, फोन करून आत्ताच्या आत्ता सगळं खरं सांगून टाका. मी म्हटलं, रविवारी समोरासमोर सांगतो. खरं म्हणजे आणखी चार दिवस जावईबापू राहून घ्यावं, एवढाच माझा हेतू होता.

रविवारी देहूला पोचलो. रांग नव्हती. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते आणि शेजारी काठी टेकत, पार वाकलेले एक गृहस्थ. अण्णांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे गायकवाड साहेब, आमचे चेकर. आयुष्यभर यांनी माझ्या चुका काढल्या, मेमो दिले. आता कंबर गेलीये त्यांची. आज मुद्दाम बोलावलंय. मग साहेबांकडे वळून, छाती काढून अण्णा म्हणाले, "ह्ये आमचे जावई. इंजिनियर हायेत."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो! आणि ते कानावर पडलं तेव्हा पायाखाली जमीन नव्हती.

तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वाटलं, कोण जाणे, रस्त्यात एखादा खड्डा मदतीला येईल. गायकवाड साहेबांना आम्ही उचलूनच मागच्या सीटवर ठेवलं. हायवेला लागलो. अण्णांनी टक टक केलं. मी वेग वाढवला. सत्तर झाले, ऐंशी झाले, गाडी अशी शांत की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. आणि नेमका त्या दिवशी रस्त्यावर एक खड्डा नाही. अण्णांनी परत टक टक केलं. मग जरा जोरात.

मागून गायकवाड साहेब भलेपणाने बोलले, "गाडी छान आहे हो. अजिबात हलत नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता माझी खरडपट्टी काढतील. पण ते मागे वळून साहेबांना म्हणाले, "काल सर्व्हिसिंगला व्हती गाडी. मशीन बंद ठिवलं आसंल त्यांनी. चालू व्हईल आता. व्हय ना, जावईबापू?"

अहो, हा माणूस माझी बाजू सावरायला चक्क चेकरशी खोटं बोलत होता. नोकरीत कधी बोलला नसेल. निगडीच्या अलीकडे बसस्टॉप आला तशी मी गाडी त्याच्यापुढे, जरा बाजूच्या मोकळ्या जागेत घेतली आणि बंद केली.

"अण्णा," मी म्हणालो, "मशीन-बिशीन काही नाही. चाकं मी चुकीची बसवली होती, म्हणून गाडी हादरत होती. धोकाही होता. आता ती नीट बसवून घेतलीत."

गायकवाड साहेबांनी घसा साफ केला आणि चौकशीच्या सुरात विचारलं, "तुम्ही कंपनीत नेमकं काय काम करता?"

खोटं बोलायचं आता त्राण नव्हतं. "गोल वस्तू मधोमध फिरते की नाही ते बघतो," मी म्हणालो.

साहेबांच्या हातातली काठी खाली पडली. ते हसायला लागले. कंबर धरून, "आई आई गं" करत हसत राहिले. अण्णांनी थोडा वेळ दम धरला, खिडकीबाहेर बघितलं, आणि मग तेही फुटले. जे दोघं आयुष्यात एकमेकांशी मेमोशिवाय बोलले नव्हते, ते एकमेकांच्या हातावर टाळ्या देत होते. मी स्टिअरिंग धरून समोर बघत त्यांचं होईपर्यंत थांबलो. तसं मला दुसरं कामही नव्हतं.

तेवढ्यात मागच्या स्टॉपवर सिटी बस येऊन थांबली. जुनी, सगळ्या काचा खडखडत होत्या, उभ्या उभ्या अंग घुसळत होती. दोघांचंही हसू थांबलं. दोघंही मान वळवून तिच्याकडे बघायला लागले. अण्णांनी दार उघडलं. "चला साहेब," ते म्हणाले, "मागली सीट रिकामी दिसतीया." उतरल्यावर ते खिडकीत वाकले आणि मला म्हणाले, "तुमीबी चला. गाडी ऱ्हाऊ द्या हितंच."

मी गाडी लॉक केली आणि साहेबांना एका बाजूने धरून त्यांच्याबरोबर निघालो. नेमक्या मागच्या चाकाच्या वर, शेवटच्या सीटवर आम्ही तिघं बसलो, मी मध्ये. बस सुटली आणि दोघांनीही डोळे मिटले. कंडक्टर तरुण होता, अण्णांच्या ओळखीतला. त्याने आम्हाला गाडीतून उतरताना पाहिलं होतं.

तिकीट फाडताना तो म्हणाला, "काय अण्णा, जावयाची गाडी बिघडली का?"

अण्णांनी डोळे न उघडता उत्तर दिलं.

"न्हाई रे बाबा. दुरुस्त झाली."